तुवानीचं देणं

वेस्ट बँकच्या दक्षिण टोकाला, हेब्रॉनच्या खालच्या अंगाला, उजाड टेकड्यांवर मसाफर यत्ता नावाचा मेंढपाळांचा मुलूख आहे. त्याच्या वेशीवर अत-तुवानी हे काहीशे वस्तीचं गाव. या गावाचं माझ्यावर ऋण आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांची आठवण काढायला बसले, तर आईवडील आणि माझ्या पहिल्या मुख्याध्यापिका यांच्यानंतर लगेच तुवानीतल्या एक वृद्ध बाई डोळ्यांसमोर येतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे नाव छापून येणं घरादाराला महाग पडू शकतं. गाव त्यांना हज्जा म्हणे. मी त्यांना खालती, म्हणजे मावशी म्हणत असे आणि त्या मला बिन्ती, म्हणजे लेकी.

हे ऋण कशाचं, ते सांगायचं तर आधी नर्मदेकाठी जावं लागेल. तरुणपणी मी धडगाव तालुक्यात, सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या गावांतल्या, नर्मदा बचाव आंदोलनाच्या एका जीवनशाळेत शिकवत होते. सातपुड्यातल्या त्या माणसांनी चढत्या पाण्यात उभं राहून सत्याग्रह केला. १९९९च्या पावसाळ्यात डोमखेडीला पाणी छातीपर्यंत आलं, तरी ती हलली नाहीत. ऑक्टोबर २०००मध्ये धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी देणारा निकाल लागला. पुढच्या काही वर्षांत आम्ही शिकवत होतो ती शेतं, ते उतार पाण्याखाली गेले. मी थकले आणि पुण्याला परतले. नोकरी धरली, आईचं आजारपण काढलं. मात्र एक प्रश्न माझ्याबरोबरच राहायला आला: न्यायालयात हरल्यानंतरच्या सकाळी माणसानं उठून काय करायचं? त्याचं उत्तर मला तुवानीत मिळालं.

२०१२च्या सप्टेंबरात मी तिथे गेले. गावात काही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक कायम राहत. मुलांबरोबर शाळेच्या वाटेवर चालणं, मेंढपाळांबरोबर रानात जाणं, जे दिसेल ते चित्रित करणं आणि लिहून ठेवणं, एवढंच त्यांचं काम. मी शिक्षिका, पायी चालायची सवय असलेली, म्हणून त्यांच्यात सामावून गेले. यत्ता शहरातून निघालेली टॅक्सी डांबरी रस्ता सोडून दगडांवर धडधडू लागली, तेव्हा डावीकडे टेकडीवर लाल कौलांची, हिरव्या झाडांची इस्रायली वसाहत दिसली. ती माओन. तिच्या शेजारच्या पाइनच्या रानात हवात माओन. ही दुसरी वस्ती तर तेव्हा खुद्द इस्रायली कायद्यानेही बेकायदा होती. आणि खाली ओहोळाच्या अंगाला, दगडी घरं आणि गुहांचं तुवानी.

या टेकड्यांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुहांत राहत आली. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, बाहेर दगडी कुंपणात शेळ्यामेंढ्या आणि पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यातला सुमारे तीस हजार दुनम, म्हणजे तीन हजार हेक्टर मुलूख इस्रायली लष्कराने सरावासाठी राखून ठेवला: गोळीबार क्षेत्र ९१८. १९८१च्या एका सरकारी बैठकीचं टिपण पुढे उजेडात आलं. त्यात तेव्हाचे कृषिमंत्री एरियल शेरॉन लष्कराला या भागात आणखी सरावक्षेत्रं देऊ करतात आणि कारण सांगतात, अरब खेडुतांचा विस्तार रोखणं. १९९९च्या नोव्हेंबरात लष्कराने सुमारे ७०० माणसांना ट्रकांत चढवून या क्षेत्राबाहेर नेऊन सोडलं. २०००मध्ये उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ती परतली, आणि खटला दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. म्हणजे मी गेले तेव्हा अख्खा मुलूख निकालाची वाट पाहत होता. वाट पाहताना कुणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं.

खालतींचा दिवस पहाटे तबूनपाशी सुरू होई. तबून म्हणजे जमिनीत बसवलेली मातीची भट्टी. वाळलेल्या लेंड्या आणि राख तिच्यावर रचून ठेवायची. आतले खडे तापतात आणि त्यांवर भाकरी भाजते. भाकरी, ऑलिव्हचं तेल, झातर, घरचं दही आणि मर्मियाची पानं घातलेला गोड चहा, ही न्याहारी. मग त्या काठी घेऊन शेळ्या सोडत. कुठल्या टेकडीला जायचं हे त्या गवत पाहून ठरवत नसत. कायदा पाहून ठरवत. कोणत्या तुकड्यावर गेल्या हंगामात आपल्याला पाय ठेवता आला नाही, कुठे वसाहतवाल्यांनी नवी वेल लावली, कुठे कुंपणाचे खांब सरकले, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे.

त्यामागे कायद्याचं एक कलम आहे. १८५८च्या ऑटोमन जमीन कायद्यानुसार सलग तीन वर्षं न कसलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. १९७९च्या एलोन मोरे खटल्यात, सुरक्षेच्या नावाखाली खासगी जमीन घेऊन तिथे नागरी वसाहत करायला इस्रायली न्यायालयाने मनाई केली. त्यानंतर सरकारने हे जुनं कलम हाती धरलं आणि वेस्ट बँकमधली लाखो दुनम जमीन ‘सरकारी’ ठरवली. तेव्हापासून नांगर धरणं हाच तिथे जमिनीचा पुरावा. नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की खालतींचे मुलगे गाढव जुंपून दगडगोट्यांच्या उतारावर जव पेरत. पीक हाती येईल याची खात्री नसे. एखाद्या रात्री कुणी त्यात गुरं सोडी, एखादा तुकडा पेटे. २००५च्या मार्चमध्ये तुवानीच्या कुरणांत विष पेरलं गेलं होतं. शेळ्यामेंढ्या मेल्या, दुभत्यांचं दूध फेकावं लागलं. त्याच कुरणांत सात वर्षांनंतर मी खालतींच्या मागून चालत होते.

एका सकाळी लष्कराची जीप आली. विशी-एकविशीतले सैनिक. त्यांनी हा भाग ‘बंद लष्करी क्षेत्र’ असल्याचं सांगितलं. खालतींचा नातू पुढे झाला आणि म्हणाला, “आदेश दाखवा. नकाशा जोडलेला हवा, सही हवी, तारीख हवी.” हे त्यांना वकिलांनी आणि अनुभवानं शिकवलेलं. २००६ साली न्यायालयाने निकाल दिला होता, की शेतकऱ्यांना त्रास होतो म्हणून शेतकऱ्यांचीच जमीन त्यांना बंद करता येणार नाही. सैनिकांनी फोन लावला, कागद मागवला. तोवर खालती एका दगडावर बसल्या आणि शेळ्या चरत राहिल्या. कागद आला. त्यांनी तो नातवाकडून नीट वाचून घेतला, नकाशातली रेघ पाहिली आणि शेळ्या रेघेच्या पलीकडे चार पावलं नेल्या. तिथे पुन्हा चरायला सोडल्या. एक सैनिक ओरडत होता. त्या त्याच्याशी एखाद्या हट्टी पोराशी बोलावं तशा आवाजात बोलत होत्या. “तुझी आई कुठे राहते? तिला ठाऊक आहे का तू म्हाताऱ्या बायकांच्या शेळ्या हाकलतोस ते?” तो गप्प झाला. त्या दिवशी शेळ्या पोटभर चरल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच गेलो.

दुपारी मी मुलांच्या वाटेवर असे. तुबा या गुहांच्या वस्तीतली मुलं तुवानीच्या शाळेत येत. सरळ वाट माओन आणि हवात माओनच्या मधून जाते; टेकड्यांना वळसा घालून जायचं तर तेच अंतर कितीतरी पटीने वाढतं. सरळ वाटेवर मुलांवर दगड पडत, काठ्या चालत. २००४च्या सप्टेंबरात त्यांच्याबरोबर चालणाऱ्या दोन परदेशी स्वयंसेवकांना तोंड झाकलेल्या माणसांनी इतकं मारलं की त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर इस्रायली संसदेच्या बालहक्क समितीने हस्तक्षेप केला आणि मुलांच्या सोबतीला लष्कराची जीप द्यावी असं ठरलं. जीप वेळेवर येईच असं नाही. कधी मुलं ऊन डोक्यावर घेऊन ताटकळत, कधी सैनिक गाडीतून न उतरता पुढे निघून जात आणि लहानग्यांना दप्तरं सांभाळत धावावं लागे. आम्ही उंचवट्यावर उभं राहून वेळ लिहीत असू: जीप किती वाजता आली, किती मुलं होती, कुठपर्यंत सोबत केली. त्या कोरड्या नोंदी वकिलांच्या कामी येत. वाट पाहताना मुलं दगडावर दगड रचून पाढे म्हणत. शाळा बुडवणं हा पर्याय त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही. नर्मदेकाठच्या माझ्या मुलांनाही डोंगर उतरून यावं लागे, पण त्यांच्या वाटेवर कुणी त्यांच्यासाठी दबा धरून बसत नसे.

त्या शाळेची कथा खालतींच्या सुनेने मला सांगितली. वेस्ट बँकचा साठ टक्क्यांहून अधिक भाग ओस्लो करारानंतर ‘क विभाग’ म्हणून पूर्णपणे इस्रायली नियंत्रणात आहे. तिथे पॅलेस्टिनी माणसाला घराचा परवाना मिळणं जवळपास अशक्य. परवान्याविना बांधलं की पाडायची नोटीस. गावाला शाळा हवी होती. बायकांनी तोडगा काढला: दिवसा त्या आणि मुलं काम करणार, रात्री पुरुष. दिवसाच्या उजेडात दगड-सिमेंटच्या पाट्या वाहणाऱ्या बायका पाहून ही बांधकामाची फौज असेल असं कुणाला वाटलं नाही. अशी ती शाळा उभी राहिली, आणि पाडायची नोटीसही तिच्यावर आली. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आंतरराष्ट्रीय दूत म्हणून काही मिनिटं गावात येऊन गेले. ते ज्या रस्त्यावरून चालले तिथल्या आणि शाळेच्या नोटिसा त्यानंतर मागे घेतल्या गेल्या. सुनेचं त्यावर एकच म्हणणं होतं: ब्लेअर आले तेव्हा दाखवायला शाळा होती, कारण आम्ही परवान्यासाठी थांबलो नाही.

तुवानीने मला माणसं दिली ती पलीकडचीही. शनिवारी जेरुसलेमहून तायुश या गटाचे इस्रायली कार्यकर्ते येत. २०००मध्ये ज्यू आणि अरब नागरिकांनी मिळून काढलेला हा गट. त्यांच्यातले एझ्रा नावी हे इराकी मुळाचे ज्यू, व्यवसायाने प्लंबर. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करता करता ते अरबी बोलत मेंढपाळांच्या कुटुंबांतलेच झाले. पाडापाडीला विरोध केल्याबद्दल तुरुंगातही गेले. दुसरे डेव्हिड शुलमन. संस्कृत, तमीळ आणि तेलुगू साहित्याचे जगन्मान्य अभ्यासक आणि तरी दर आठवड्याला या धुळीत, मेंढपाळांच्या शेजारी. २०१६ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी त्याची सारी रक्कम तायुशला दिली. भारतीय भाषांवर आयुष्य वाहिलेला माणूस आपल्याच सरकारच्या सैनिकांसमोर परक्या मेंढपाळासाठी उभा राहतो, हे पाहिल्यावर विद्वत्तेकडून काय अपेक्षा ठेवावी याचं माझं माप बदललं.

एका रात्री मी खालतींच्या थोरल्या मुलाला विचारलं, तुम्ही चिडत नाही का? तो बराच वेळ बोलला. चीड रोजची आहे, म्हणाला. आमच्या पोरांचं रक्त उकळतं. पण गावाच्या समितीने विचार करून ठरवलं आहे की हात उगारायचा नाही. एकाने दगड मारला तर रात्री दहा घरांत धाड पडते, आणि ज्यांना आम्ही इथे नको आहोत त्यांना हवं ते कारण मिळतं. शिवाय माझ्या मुलाने कोणत्या प्रकारचा माणूस व्हावं हे त्या टेकडीवरच्या लोकांनी ठरवायचं नाही. ते मी ठरवणार. अहिंसेची इतकी स्वच्छ मांडणी मी फार थोड्यांकडून ऐकली आहे. तिच्यात व्यवहारही होता आणि अभिमानही. त्यांच्याकडे याला सुमूद म्हणतात, पाय रोवून राहणं.

तुवानीतून मी बेथलेहेमजवळच्या बेत साहूरलाही गेले. पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, या गावाने ओळखपत्रं परत केली, परसात भाज्या लावल्या आणि प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असं म्हणत लष्करी प्रशासनाचे कर भरणं थांबवलं. दूध इस्रायली कंपन्यांकडून घ्यायचं नाही म्हणून अठरा गाई आणल्या. लष्कराने त्या गाईंना सुरक्षेला धोका ठरवलं आणि गाव त्या लपवत फिरलं. १९८९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमारे सहा आठवडे गावाला वेढा होता. घरांतलं सामान, दुकानांतला माल, कारखान्यांतली यंत्रं करापोटी उचलून नेली गेली. गावाने कर भरला नाही. लोकांना गांधींच्या मार्गाची ओळख करून देणारे मुबारक अवाद यांना तर त्याआधी, १९८८च्या जूनमध्येच हद्दपार केलं होतं. बुद्रुस गावात २००३-०४मध्ये कार्यकर्ते आयेद मोरार यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीने बुलडोझरच्या पुढ्यातल्या खड्ड्यात उडी घेतली, तिच्यामागे बायका उतरल्या, आणि इस्रायलच्या विभाजक भिंतीची आखणी मागे सरली. सुमारे तीन हजार ऑलिव्हची झाडं वाचली. बिलीन गावाने २००५पासून दर शुक्रवारी मोर्चा काढला, न्यायालयात २००७ साली जिंकलं आणि भिंत प्रत्यक्ष हलायला २०११ उजाडलं. मधल्या काळात बसेम अबू रहमा हा तरुण छातीवर अश्रुधुराचं नळकांडं बसून गेला. अशा लढ्यांना यश येतं, आणि त्याची किंमत माणसं मोजतात.

ऑक्टोबरात ऑलिव्ह उतरवायला मी खालतींबरोबर होते. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, फांदीवरून हात ओढत फळं खाली पाडायची. मी त्यांना नर्मदेची, निकालाची, पाण्यात गेलेल्या शाळेची हकिगत सांगितली. नात भाषांतर करत होती. त्यांनी हातातली फांदी सोडली नाही. विचारलं, “मग ती माणसं आता कुठे आहेत?” काही वरच्या उतारावर, काही पुनर्वसनाच्या गावांत, मी म्हटलं. “मुलं शिकतात का?” शिकतात. “मग तू इथे काय करतेस, बिन्ती? तुझं रान तिकडे आहे.” त्या बोलण्यात टोचणी नव्हती. लेकीला सासरी पाठवताना आई बोलते तसा आवाज होता.

परतल्यावर वर्षभरात मी धडगाव-शहाद्याकडे गेले. पुनर्वसनाच्या वस्तीतल्या मुलांना शिकवायला लागले, आणि तुवानीत शिकले तशी नोंदवही ठेवायला लागले: कुणाच्या जमिनीची मोजणी राहिली, कुठल्या वस्तीत पाणी आलं नाही, कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला. त्या वहीने काही कुटुंबांची कामं मार्गी लागली. आजही ते काम चालू आहे.

४ मे २०२२ रोजी मसाफर यत्ताचा निकाल लागला. उच्च न्यायालयाने आठ गावांमधल्या हजाराहून अधिक लोकांना हटवायला लष्कराला मोकळीक दिली. मी घाईने फोन लावला. काय बोलावं ते सुचत नव्हतं. नातीने आजीकडे फोन दिला. खालती म्हणाल्या, “निकाल ऐकला. पण जव कापणीला आला आहे, बिन्ती. उद्या पहाटे जायचं आहे.” बावीस वर्षं मी ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, त्याचं उत्तर त्या बाईंनी कापणीच्या गडबडीत देऊन टाकलं.

त्या आता हयात नाहीत. त्यांच्या मुलखाची अवस्था त्यांनी पाहिली होती त्याहून बिकट आहे. ऑक्टोबर २०२३नंतर वसाहतवाल्यांचे हल्ले खूप वाढले. झनूतासारख्या वस्त्या माणसांना सोडाव्या लागल्या. मे २०२५मध्ये खल्लत अद-दबा ही वस्ती जवळपास सगळी पाडली गेली, तरी माणसं तंबूंत आणि गुहांत राहिली. याच टेकड्यांवर बासेल अद्रा, हमदान बल्लाल, युवाल अब्राहम आणि रेचेल शोर या दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी ‘नो अदर लँड’ हा माहितीपट केला. मार्च २०२५मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात बल्लाल यांना सुसिया गावातल्या घरासमोर मारहाण झाली आणि वर अटकही. २८ जुलै २०२५ रोजी उम्म अल-खैरमधले इंग्रजीचे शिक्षक औदा हथलीन वसाहतवाल्याच्या गोळीने गेले. त्यांचा मृतदेह अटींशिवाय मिळेना, तेव्हा गावातल्या साठाहून अधिक बायका उपोषणाला बसल्या. मृतदेह मिळाला, औदांना त्यांच्या गावात मूठमाती मिळाली. त्या बायकांत खालतींच्या वयाच्याही असतील.

तुवानीचं देणं पैशाने किंवा हळहळीने फिटणारं नाही. ते ज्या नाण्यात मिळालं त्याच नाण्यात फेडायचं आहे, रोजच्या कामात. म्हणून वाचणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. तो माहितीपट पाहा, मुलांना दाखवा, आणि पॅलेस्टाइनबद्दल बोलताना बंदुकांबरोबर या नांगरांचीही दखल घ्या. तुवानी, तुबा, सुसिया, उम्म अल-खैर, जिनबा ही गावांची नावं लक्षात ठेवा. तिथे आज माणसं राहत आहेत. आणि आपल्या आसपास, धरणाखाली गेलेल्या, खाणीसाठी किंवा प्रकल्पासाठी उठवलेल्या, खटला हरलेल्या गावांकडे निकालानंतर जा. वर्तमानपत्रं तिथून निघून गेलेली असतील. माणसं तिथेच असतील आणि त्यांना मदतीचा हात लागेल.